न विसरणाऱ्या माश्या

जावई पाण्याचा जग घेऊन जेवणघरात शिरला आणि सासूबाईंनी लॅपटॉप खाडकन मिटला.

"मी काही पाहिलं नाही हं, आई."

"पाहण्यासारखं आहेच काय त्यात!"

जग टेबलावर ठेवून त्यानंही आपला लॅपटॉप उचलला आणि मांडीवर पालथा घातला. वाढता वाढता लेकीनं कपाळाला हात लावला. घरात मधमाश्यांचे दोन शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा वेगवेगळ्या आणि प्रश्न मात्र एकच: झोप मोडलेली माशी पोळ्याची वाट विसरते का? पूर्वी ही दोघं माश्यांवरून तासन्‌तास गप्पा मारत, खिदळत. मग आधी कोण छापतो याची चुरस लागली आणि कुणी ताकास तूर लागू देईना. लेकीला त्या गप्पा परत हव्या होत्या. बाकी विज्ञान गेलं उडत.

त्यात उद्या तिच्याच ग्रंथालयात परिसंवाद: 'खुलं विज्ञान ही चळवळ आहे का?' आणि वक्ते कोण, तर हेच दोघे!

"चळवळ कसली?" सासूबाईंनी वाटी पुढे केली. "विज्ञान मुळातच खुलं. जुनी रीत आहे ती."

"रीत असती तर सगळ्यांनी पाळली नसती? चळवळच हवी! फसलेले प्रयोगसुद्धा चव्हाट्यावर मांडायचे." जावयानं टेबलावर मूठ आपटली. मांडीवरचा लॅपटॉप घसरला, तो त्यानं घाईघाईनं गुडघ्यांत धरला.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" लेकीनं डाव खाली ठेवला. "उघडा की मग. दोघांनीही. नाहीतर उद्या सगळ्यांसमोर मीच सांगते, घरी काय चालतं ते."

"आधी तुम्ही, आई. मोठ्या आहात."

"तुम्ही उघडा, जावईबापू. चळवळ तुमची."

शेवटी दोघांनी एकदमच उघडले. सासूबाई चष्मा सावरत त्याच्या पडद्यावर वाकल्या, तो त्यांच्या.

"म्हणजे, तुमच्याही माश्या विसरल्या नाहीत?"

"एकही नाही. मला वाटलं, तुम्हाला उत्तर सापडलंय आणि माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा पुन्हा तेच करत बसलो."

"अहो, मी तरी दुसरं काय केलं! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले." त्यांना हसू आवरेना. "जागं कसं ठेवता त्यांना?"

"माश्यांची डबी हलवून. तुम्ही?"

"मी दिवा लावते. डबीला हातसुद्धा लावत नाही."

जावयाचा घास हातातच राहिला. "आई, दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी, आणि निकाल एकच. मग फसलं कुठे? विसरत नाहीत, हेच उत्तर!"

"आजच इंटरनेटवर टाकू या. कुणालाही पाहता येईल असं."

"चुका काढतील लोक."

"काढू देत की!"

"मग उद्याचं काय ठरलं?" लेकीनं विचारलं. "चळवळ की रीत?"

कुणी ऐकलंच नाही. नीट दिसावं म्हणून सासूबाई जावयाशेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. ती लेकीची खुर्ची. लेकीनं आपलं ताट उचललं आणि हसत हसत आईच्या जागेवर जाऊन बसली.