ती शिट्टी माझी नव्हती

मित्रांनो, मैदानावर बावीस धडधाकट माणसे जिवाच्या आकांताने धावत असतात. त्या सगळ्यांना एका फुंकरीत जागच्या जागी उभे करणारी वस्तू मात्र मुठीत मावेल एवढीच असते. ती वस्तू म्हणजे मी, पंचांच्या गळ्यातली पितळी शिट्टी. आता मी जुनी झाले आहे. ओठांपाशी माझा मुलामा उडाला आहे आणि पाठीला एक पोचाही आला आहे. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. तो मधल्या काळात गेला होता. तो कसा गेला आणि कसा परत आला, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची पट्टी साच्यात दाबली, वाकवली, सांध्याला डाख दिला आणि माझ्या पोटात बुचाची एक गोळी सोडली. ती गोळी आत नाचते, म्हणून माझा आवाज थरथरत जातो. तपासणीच्या टेबलापाशी एक बाई कानात कापूस घालून बसत. त्या प्रत्येक शिट्टीत हवा सोडून बघत. माझी पाळी आली तेव्हा कापूस असूनही त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. ती माझी पहिली शाबासकी.

पुढे मी खेळाच्या सामानाच्या दुकानात काचेखाली पडून होते. एके दिवशी गळ्यात मोजपट्टी लटकवलेली एक बाई आली. ती कपडे शिवत असे. लग्नाआधी ती गोलरक्षक होती, पण गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. मग तिने पंचाची परीक्षा दिली आणि त्याच दिवशी ती मला घ्यायला आली.

"वाजवून बघू का?" तिने दुकानदाराला विचारले.

"इथे नको, ताई. शेजारी दवाखाना आहे. बाहेर जाऊन वाजवा."

तिने रस्त्यावर जाऊन मला वाजवले. रस्ता ओलांडणारी तीन माणसे आणि एक सायकलवाला जागीच थांबले. तिने दुसरी कोणतीही शिट्टी पाहिली नाही.

तिचे घर दुमजली होते. खाली शिवणकामाचे दुकान आणि वर स्वयंपाकघर. नवरा बसगाड्या दुरुस्त करी. तो शांत माणूस होता आणि त्याच्या नखांत कायम वंगण असे. घरातले तिसरे माणूस म्हणजे सासूबाई. गावात फुटबॉलचे दोन संघ होते, पूल संघ आणि टेकडी संघ. सासूबाई पूल संघाच्या कट्टर पाठीराख्या होत्या. संघाचा हिरवा गळपट्टा त्या स्वतःच्या हाताने धूत आणि वाळत घालताना त्याच्याशी बोलत. संघ हरला तर त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडे आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

माझी मालकीण पंच म्हणून नाव कमावू लागली. लोक तिला पंचताई म्हणू लागले. प्रत्येक सामन्यानंतर ती मला कोमट पाण्यात धुवायची, फडक्याने पुसायची आणि खिडकीत वाळवायची. घरात तिने एकच नियम केला होता. सामन्याविषयी घरी बोलायचे नाही. सासूबाई तो नियम पाळत, म्हणजे फक्त जेवताना पाळत.

मग त्या वर्षीचा अंतिम सामना आला. पूल विरुद्ध टेकडी.

सामना संपत आला होता, तरी दोघांचाही गोल झाला नव्हता. रस्त्याच्या कडेला मैदानाची भिंत आहे, तिच्यापुढे पूल संघाचा गोल होता. टेकडीचा पुढचा खेळाडू चेंडू घेऊन तिकडे धावला. पंचताई बरीच मागे होती आणि तिच्या पाठीशी टेकडीवाले ढोल बडवत होते. मी तिच्या दातांत होते. अचानक पूल संघाचे बचावपटू थांबले. गोलरक्षकाने हात खाली घेतले आणि तो पाठ फिरवून जाळीकडे वळलाही. टेकडीच्या खेळाडूने चेंडू अलगद जाळीत सारला.

पंचताईने मधल्या रेषेकडे हात केला. गोल.

मग जे झाले त्याला गोंधळ म्हणणे म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखे आहे. पूल संघाचे सगळे खेळाडू तिच्याभोवती जमले. गोलरक्षक पेशाने गवंडी होता, दांडगा पण गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "ताई, तुम्ही शिट्टी मारलीत म्हणून थांबलो ना आम्ही."

"मी शिट्टी वाजवलेली नाही," ती म्हणाली.

"आम्ही सगळ्यांनी ऐकली."

"मी वाजवलेली नाही. गोल आहे."

रेषेवर झेंडे घेऊन उभे असलेले दोघे दोन संघांनी एकेक असे दिलेले होते. पूलवाला म्हणाला, ऐकली. टेकडीवाला म्हणाला, नाही ऐकली. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

मित्रांनो, मी शपथेवर सांगते, त्या वेळी माझ्यात एक श्वासही आला नव्हता. पण माझे ऐकणार कोण? तिच्या फुंकरीशिवाय मला वाचा नाही.

चषक टेकडीवर गेला आणि पुलाच्या बाजूचे अर्धे गाव पंचताईवर रुसले. बेकरीवाल्याने एका बाजूने करपलेली बिस्किटे काचेत मांडली आणि वर पाटी लावली, 'पंचबिस्किटे, एकाच बाजूने भाजलेली.' कानांच्या डॉक्टरचा पत्ता कोणीतरी दुकानाच्या दारावर चिकटवला. एक गृहस्थ पँट आखूड करायला देऊन गेले होते. ते रागाने आले आणि टाचण्यांसकट पँट घेऊन तिथेच ती चढवून निघाले. चौथ्या पावलाला त्यांचा राग पायातून डोक्यात गेला. हे सगळे पंचताईने हसून घेतले. बिस्किटे तर ती विकत आणून चहात बुडवून खायची.

तिला झोंबल्या त्या दोन गोष्टी. टेकडीवाल्यांनी फुलांचा गुच्छ पाठवला. त्यावर लिहिले होते, 'आपल्या पंचताईंना.' ती म्हणाली, "मी यांची कधी झाले?" दुसरी गोष्ट घरात होती. सासूबाई त्या दिवशी भिंतीजवळच बसल्या होत्या. त्यांनी शिट्टी स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

"चुकली असती तर मी काही म्हटलं नसतं," त्या मुलाला म्हणाल्या. "माणूस चुकतं. पण शिट्टी मारायची आणि नाही मारली म्हणायचं? आपल्या घरात खोटं बोलायची पद्धत नाही."

सून समोरच बसली होती. त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्याशी बोलणे सोडले. निरोप नवऱ्यामार्फत जाऊ लागले.

"तिला सांग, मीठ दे."

"आई, मीठ तुमच्याच हाताशी आहे," सून म्हणे.

"तिला सांग, मला दिसतंय."

बिचाऱ्याची दोन्हीकडून गळचेपी झाली. तो बसगाड्यांत जास्त रमू लागला. त्या निदान तक्रार सरळ करतात, असे तो म्हणे.

शेवटी पंचताईने मला शिवणयंत्राच्या खणात टाकले. "उसवलेलं काहीही शिवून देते मी," ती नवऱ्याला म्हणाली. "पण लोकांनी एकदा खोटारडी ठरवलं की पंचाने मैदानात जाऊ नये. कोण ऐकणार माझी शिट्टी?"

खणात गुंड्या, बॉबिन आणि तुटक्या सुया होत्या. तिथे मला कोणी धुतले नाही आणि पुसलेही नाही. माझ्या पोटातली गोळी सुकून एका कोपऱ्याला चिकटली. वर यंत्र दिवसभर चाले आणि मी अंधारात हादरत पडून असे. आपण पुन्हा कधी वाजू, ही आशा मी जवळजवळ सोडली होती.

आता पुढचे मी पाहिलेले नाही. पण सासूबाईंच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकले आहे की पाहिल्यासारखेच झाले आहे.

त्या बाजाराला निघाल्या होत्या. मैदानाच्या भिंतीला लागून चौक आहे. तिथे वाहतूक पोलीस उभा असतो. एक गाडी उलटी घुसली आणि त्याने शिट्टी फुंकली. सासूबाई पिशवी घेऊन भर रस्त्यात थबकल्या.

"आजी, बाजूला व्हा."

"परत वाजवा."

"काय?"

"शिट्टी. परत वाजवा म्हणते ना."

त्याने वाजवली. चारही बाजूंची वाहने थांबली. सासूबाई हलल्या नाहीत.

"अंतिम सामन्याच्या दिवशी इथे तुम्हीच होता का?"

"मीच होतो. शेवटी शेवटी दुधाची गाडी अशीच उलटी येत होती, तिला एक सणसणीत मारली. लगेच आत केवढा ओरडा झाला. मला वाटलं, गोल झाला."

"झाला ना," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याच कृपेने झाला."

कामाची पाळी संपताच त्या त्याला घेऊन दुकानात आल्या. पोलीस भेदरला होता, कारण तो स्वतः पूल संघाचा पाठीराखा निघाला. आपण आपल्याच संघाचा चषक घालवला, हे त्याला वाटेत कळले होते.

"अगं," सासूबाई सुनेला म्हणाल्या. इतक्या दिवसांनी हा पहिला शब्द. "ती शिट्टी याची होती. तू खरं बोलत होतीस. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला."

सून रडेल असे नवऱ्याला वाटले होते. ती मात्र विचारात पडली होती.

"म्हणजे बाहेरच्या शिट्टीने खेळाडू थांबले," ती म्हणाली. "अशा वेळी पंचाने खेळ थांबवायचा असतो. आई, मी खोटं बोलले नाही. पण गोल चुकीचा दिला."

"अगं, हळू," नवरा म्हणाला. "आत्ता कुठे एका आरोपातून सुटलीस."

"दोन्ही संघांची सभा बोलावून सांगायला हवं."

"नको सांगूस," सासूबाई म्हणाल्या. "लोक पुन्हा तोंडसुख घेतील."

"आई, गोल तुमच्या संघावर झाला होता."

"ते काय तू मला सांगतेस? रोज रात्री उशीला सांगते मी ते. पण माझ्या घरच्या माणसाला कोणी बोललेलं मला चालणार नाही. मी बोलले ते निराळं."

पंचताईने ऐकले नाही. दोन्ही संघांच्या सभेत ती उभी राहिली आणि जसे घडले तसे सांगितले. ढोलांमुळे आपल्याला ती शिट्टी ऐकू आली नाही, ऐकली असती तर गोल दिला नसता, हेही सांगितले. पोलिसाने दुधाच्या गाडीची हकिगत सांगितली. मागच्या खुर्च्यांवर आधी कोणीतरी खुदकन हसले, मग सगळेच हसू लागले. बेकरीवाला तेवढा खाली बघत होता.

सभेचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "निकाल बदलता येणार नाही. पंचाचा निर्णय अखेरचा."

तेव्हा टेकडीचा कर्णधार उठला. तो वायरमन होता. "चषक आमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "पण पाठमोऱ्या गोलरक्षकावर केलेला गोल सांगायला मजा येत नाही. पुन्हा एकदा खेळू. चषकाशिवाय."

गवंडी गोलरक्षक म्हणाला, "खेळू. पण पंच याच हव्यात. स्वतःच्या अंगावर येईल असं खरं सांगायला दुसरं कोण उभं राहतं?"

घरी आल्यावर सासूबाईंनीच खण उघडला. माझ्यात फुंकर मारून पाहिली, तर नुसती फुस्स हवा. त्यांनी मला कपभर कोमट पाण्यात ठेवले, हळूहळू हलवले, पुन्हा पाणी बदलले. गोळी सुटली. मग त्यांनी मला आपल्या हिरव्या गळपट्ट्याने पुसले. मित्रांनो, त्या गळपट्ट्याला त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता.

पुन्हा सामना झाला तेव्हा सगळे गाव लोटले होते. पोलीस सुट्टी काढून आला होता. सासूबाईंनी त्याला शेजारी बसवून घेतले आणि त्याची शिट्टी आपल्या पिशवीत ठेवून घेतली. एक-एक अशी बरोबरी झाली. शेवटी पूल संघाच्या बचावपटूने टेकडीच्या खेळाडूला गोलासमोर पाडले. मी वाजले. पेनल्टी. टेकडीने गोल केला आणि पूल संघ पुन्हा हरला.

"डोळे घरी ठेवून आलीस का गं?" सगळ्या मैदानात एकच आवाज घुमला. तो सासूबाईंचा होता. पंचताईने तिकडे पाहिले आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरले.

संध्याकाळी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "पेनल्टी नव्हती ती."

"होती, आई."

"नव्हती. मीठ दे इकडे." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पण या वेळी हरलो ते रीतसर हरलो."

मित्रांनो, तुम्ही सामना बघायला जाल तेव्हा पंचावर खुशाल ओरडा. 'चुकलात' म्हणा, 'चष्मा लावा' म्हणा. मला त्याचे वाईट वाटत नाही, उलट त्याशिवाय मैदान सुने वाटते. पण 'खोटे बोललात' हे शब्द जिभेवर आले की ते जरा गिळा. चुकीची भरपाई दुसऱ्या सामन्यात होते, त्या शब्दांची होत नाही. आणि शिट्टी ऐकू आली, तर पाय थांबवण्याआधी मान वळवून बघा, ती वाजवली कोणी.