हसण्याची जागा

बिलकिसभाभींनी शेवटचं वाक्य वाचून चष्मा उतरवला, आणि धाड गावच्या वाचनालयात कुणीही हसलं नाही. वर्षापूर्वी हीच गोष्ट त्यांनी याच खोलीत वाचली होती, तेव्हा नेहमीचा श्रोता मोतीराम हसता हसता खुर्चीवरून घसरला होता. मधल्या काळात गोष्टीतला एक शब्दही बदललेला नव्हता.

गोष्ट एका कोंबडीची होती. एसटीत कंडक्टर म्हणून लागलेली ही कोंबडी तिकिटाऐवजी प्रत्येक प्रवाशाच्या हातावर एक ताजं अंडं ठेवते. अंडं फुटू नये म्हणून गाडीतली रेटारेटी थांबते. माणसं एकमेकांना ‘आधी तुम्ही बसा’ म्हणू लागतात. मग घाटात ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो आणि अख्खी गाडी एका क्षणात विनातिकीट होते. पुढच्या वळणावर तपासनीस उभा असतो.

ही मासिक बैठक चालवणाऱ्या गजेंद्रसरांनी निवृत्तीपर्यंत शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. भाभींचे पती अब्दुल गनी वारल्यापासून भाभींची प्रत्येक नवी गोष्ट अशीच शांततेत संपत होती. नव्या गोष्टीच फिक्या असतील, ही शक्यता तपासायला सरांनी आज मुद्दाम जुनी मागवली होती. जुन्या मंडळींना ती ठाऊक होती, हे मान्य. पण पुष्पांजली आणि राजकुमार नुकतेच बदली होऊन आलेले. गोष्टही त्यांना नवी आणि भाभींचं दुःखही त्यांना माहीत नव्हतं. तेही सभ्यपणे गप्प बसले होते.

“सर, पुढच्या खेपेपासून माझं नाव काढून टाका,” कागदांची घडी घालत भाभी म्हणाल्या. “थे गेले अन् माझ्या लिवण्यातला जीव गेला.”

सरांना हे पटण्यासारखं नव्हतं. माणूस गेल्याने कागदावरची शाई बदलत नाही.

“पुन्हा वाचा. फक्त घाटापासून.”

“काऊन उगाच, सर?”

“वाचा तर.”

एकाने सुरुवात केली की बाकीचे हसतील, असा सरांचा कयास होता. भाभींच्या कोरड्या आवाजात गाडी घाट चढू लागली. ब्रेक लागला. सर मोठ्याने हसले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“पाणी देऊ का, सर?” मोतीराम म्हणाला. “भलताच ठसका लागला तुम्हाले!”

खोली खळाळून हसली. भाभींच्याही ओठांचा कोपरा हलला. मग त्या हलकेच म्हणाल्या,

“तिथं नाई, सर. थे तिथं नसत हासत.”

“मग कुठे?”

“त्याच्या आधी. ड्रायव्हरनं घाटात गिअर बदलला की त्याह्यचं सुरू. तोंडात रुमाल कोंबून बसत.”

“ब्रेक लागायच्या आधीच? पुढे काय होणार, हे त्यांना कसं कळायचं?”

भाभींनी सरांकडे पाहिलं. एवढं साधं या माणसाला विचारावं लागतं, याचं नवल त्यांच्या नजरेत होतं.

“घरी पयले त्याह्यलेच वाचून दाखवो ना मी. भाकरी थापता थापता. आवडलं की म्हणत, ‘फिरसे पढ.’”

सरांना अब्दुल गनी आठवले. मिक्सर दुरुस्त करणारा, चारचौघांत हसायला लाजणारा माणूस. दाराजवळ भिंतीकडे तोंड करून बसलेला, आणि दाबून धरलेल्या हसण्याने गदगदा हलणारी त्याची पाठ. ती पाठ पाहून आधी मोतीराम फुटायचा, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी ओळ. भाभी ब्रेकपर्यंत पोचत, तोवर खोली हसूच लागलेली असे.

भाभी उठल्या. सरांनी वाचणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं नाही, आणि कारणही सांगितलं नाही.

गोष्ट तीच होती. ती घरी आधी ऐकून येणारा माणूस आता नव्हता.