कढीपत्त्याच्या डब्याला बांधलेली तार

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची तार आहे. रंग काळपट हिरवा झाला आहे, पण ताठा अजून गेलेला नाही.

कुपवाडच्या एका कारखान्यात मी लेथ मशीनच्या पायाला बांधलेली होते. माझे दुसरे टोक जमिनीत गाडलेले. मशीनच्या अंगात चुकून वीज उतरली, तर ती मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडायची, एवढेच माझे काम. एकदा तशी वेळ आली. मोटर जळली, फ्यूज उडाला, आणि मशीनवर हात ठेवून उभे असलेले कामगार राजाराम "लाईट गेली वाटतं" म्हणत चहाला निघून गेले. आपण कशातून वाचलो, हे त्यांना कळलेही नाही. मला थोडे वाईट वाटले.

पुढे राजाराम निवृत्त झाले. भंगारात निघालेली मी त्यांच्या पिशवीतून माधवनगरला आले. तिथे दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर त्यांच्या पत्नी आक्काताई तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत झाडे लावतात. त्यातला कढीपत्ता दोन वर्षे वीतभरच राहिला होता. राजारामांनी मोबाईलवर ऐकले, की कुंडीतले झाड जमिनीपासून तुटलेले असते आणि तारेने जमिनीशी जोडले की जोमाने वाढते. जमीन तर दोन मजले खाली. मग त्यांनी मशीनवाल्याच्या डोक्याने विचार केला. मला सगळ्या डब्यांना गुंडाळले, दुसरे टोक थ्री-पिन प्लगच्या मोठ्या पिनेला जोडले आणि प्लग भिंतीत खोचला. घराचे अर्थिंग म्हणजे जमीनच, असा त्यांचा हिशेब.

पण इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक उन्हाळे कोणी बादलीभर पाणी ओतले नव्हते. ओल नसली की वीज जमिनीत मुरत नाही; शिवाय घराच्या तारेला जमिनीशी जोडणारी आतली पट्टीही गंजून तुटली होती. त्यातच घरातला गिझर बिघडला आणि त्याची वीज घराच्या अर्थिंगच्या तारेतून माझ्यात आली. पुढे जमिनीची वाटच नाही. ती थेट डब्यांत शिरली.

सकाळी आक्काताई अनवाणी पाणी घालायला आल्या आणि हात झटकून म्हणाल्या, "आवं, डब्याला हात लावला की झिणझिण्या येत्यात."

राजाराम खूश झाले. "म्हंजे लागू पडतंय की. मातीची ताकद हाय ती."

मित्रांनो, मी हतबल होते. ज्यांना मी एकदा वाचवले, त्यांच्याच घरात माझ्यामुळे जीव जाणार होता. आज झिणझिण्या, उद्या फरशी ओली असली तर काय, या विचाराने मी रोज सकाळची धास्ती घ्यायचे. आक्काताई मात्र कढीपत्त्याला जास्तच पाणी घालू लागल्या.

रविवारी त्यांची मुलगी दीक्षा आली. ती कंपनीत वायरमन आहे. आईचे बोलणे ऐकून तिने खिशातला टेस्टर डब्याला लावला. दिवा लख्ख पेटला. तिने आधी मेन स्विच पाडला, मग प्लग ओढला.

"आबा, ही ताकद न्हवं. करंट हाय. आई गेली असती."

राजाराम पायरीवर बसले. म्हणाले, "जलमभर मशीनला अर्थिंग दिलं, आन् खड्डा बघितलाच न्हाई."

"आन् झाडाला जमीनच पायजे," आक्काताई म्हणाल्या, "तर जमिनीत लावा की."

त्याच आठवड्यात गिझर बदलला. खड्डा उकरून नवी पट्टी आणि ओल धरून ठेवायला कोळसा आणि मीठ घातले. कढीपत्ता खाली फाटकाजवळ जमिनीत लावला. डबा कापला तेव्हा त्यात मातीपेक्षा मुळेच जास्त निघाली. बिचारा वाढणार कुठे?

मला आता खिळ्यावर टांगले आहे. काम नाही, पण किती हलके वाटते म्हणून सांगू. तुमच्याही इमारतीत असा खड्डा असेल. मोठ्यांना घेऊन तो शोधा, त्यात पाणी घालायला सांगा, आणि झाडांना विजेच्या प्लगपासून लांब ठेवा.

काल आक्काताई गच्चीवर आल्या. पाण्याने भिजलेला हात त्यांनी तुळशीच्या डब्याला लावला. मी श्वास रोखून पाहत होते. काहीच झाले नाही.