वादकाच्या पोटातले धान

आमच्या घरातून विणकाम धुतल्याशिवाय बाहेर जात नाही. हा नियम माझ्या आजेसासूबाईंनी घातला, सासूबाईंनी पाळला आणि मी तो इतका कडक केला की, चौबे कॉलोनीत कुणाच्या बारशाला क्रोशाचे टोपडे आले आणि त्याला खळीचा वास असला, तर ते माझे आहे हे सांगावे लागत नाही. पुढे जे घडले, ते या नियमामुळे घडले असे माझ्या सुनेचे, मीनलचे, मत आहे. तिचे मत तिच्यापाशी.

अनुश्री ही माझी नात, मीनलची मुलगी. रायपूर राजधानी झाले तेव्हा ती पाळण्यात होती. राज्य आणि नात बरोबरीने वाढली आणि दोघांनीही मला न विचारता पुष्कळ गोष्टी केल्या. नोकरीसाठी ती मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा नावाच्या शहरी गेली. ते नाव मी एकदा उच्चारले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही. तेथे तिने एमिलिओ नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा सालस आहे. फोनवर मला "आजी, नमस्ते" म्हणतो. अडचण त्याच्या आईची होती. रोसारिओबाई विधवा, मुलगा एकुलता एक. मुलीचे घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण होकार देणार नाही, असे त्यांनी कळवले. मला ते पटले. त्यांच्या जागी मी असते, तर स्वयंपाकघरातले डबेही उघडून पाहिले असते.

अनुश्री श्रावणातच सुट्टी घेऊन आली आणि माझ्या खाटेवर बसली.

"आजी, उनको कुछ भी पसंद नहीं आता," ती म्हणाली. आमची मुले मराठी ऐकतात आणि हिंदीत बोलतात. मी आता त्यावर बोलणे सोडले आहे. "बस एक ही शौक है. गाने-बजाने वालों की गुड़िया जमा करती हैं. पूरी काच की अलमारी भरी है."

"या वयात बाहुल्या?"

"उनके पापा बँड में गिटार बजाते थे. कहती हैं, इतनी गुड़िया ली, पर पापा जैसी एक भी नहीं मिली."

तिने फोनवर छायाचित्र दाखवले. पोट सुटलेले एक गृहस्थ उभे होते. आखूड काळा कोट, विजारीच्या दोन्ही कडांनी चांदीची बटणे, गळ्यात रिबिनीचा भला मोठा फुगा, हातात भोपळ्यासारखी फुगलेली गिटार आणि डोक्यावर सुपाएवढी टोपी. मिशा चांगल्या होत्या.

"मी विणते," मी म्हणाले. "फक्त कोट दोन ओळी लांब करते. कंबर उघडी पडते आहे."

"आजी, वैसा ही होता है. बदलना मत."

मी दोन ओळी वाढवल्या. आमचे हे, यशवंतराव, रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्राच्या आडून जगतात. त्यांनी पान खाली केले आणि अर्धवट झालेल्या बाहुल्याकडे पाहिले.

"हा मेक्सिकोचा नाही वाटत," ते म्हणाले. "अभनपूरचा गौंटिया वाटतो."

गौंटिया म्हणजे इकडचा गावप्रमुख. मी विणत राहिले. मात्र ते फिरायला गेल्यावर त्या दोन ओळी उसवल्या.

काम उत्तम चालले होते. काळ्या दोऱ्याचा एकेक टाका इतका घट्ट घातला की, आतले काही दिसू नये. विजारीच्या बटणांसाठी अनुश्रीच्या बाळपणीच्या पैंजणांतले घुंगरू काढून लावले. त्यामुळे वादक उचलला की वाजे, आणि वादकाने वाजावे हे योग्यच आहे. पेच पडला तो टोपीने. खळ घातलेली ती टोपी चढवली की गृहस्थ तोंडावर पडत. बुडाशी वजन हवे होते.

"आई, वाळू भरून द्या ना," मीनल म्हणाली. ती नागपूरची, तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला झटपट तोडगा असतो.

"वाळू? पाहुण्यांच्या वडिलांच्या पोटात? माणसाच्या पोटात अन्न असावे."

आमच्या घरी गौरींच्या मुखवट्यांखालच्या कोठ्या रित्या बसवत नाहीत, मग हे गृहस्थ रिते का पाठवायचे. मी कोठीतून ओंजळभर धान आणले आणि त्यांचे पोट छायाचित्राबरहुकूम भरले. ते ताठ बसले.

"ते बियाण्याचं धान आहे," वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला. "रोपणीतून उरलेलं."

"धान ते धान," मी म्हणाले.

मग मी नियमाप्रमाणे बादलीत पाणी घेतले. मीनल दारात उभी राहिली.

"आई, काहून भिजवून राहिल्या? पोटात धान आहे त्याच्या."

"धान शेतात काय कोरडे उभे असते?"

ती आत निघून गेली. माझा शब्द वरचढ ठरला याचा मला त्या दिवशी आनंद वाटला होता, हे येथे नमूद करते. वादक तासभर भिजला, पंच्यात पिळला गेला आणि पंख्याखाली बसला. वरून कोरडा झाल्यावर मी त्याला मलमलीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. पाहुण्यांसमोरच उघडायचा, तोवर कुणी हात लावायचा नाही, असे बजावले. बाईंचे विमान आठवडाभर पुढे गेले, तरी मी कपाट उघडले नाही. दिलेला शब्द मी स्वतःलाही मोडू देत नाही.

रोसारिओबाई राखीच्या दुसऱ्या दिवशी आल्या. उंच, करड्या केसांच्या, पाठ सरळ ठेवून बसणाऱ्या. मला त्या पाहताक्षणी आवडल्या नाहीत, माझ्यासारख्या होत्या. त्यांनी सोफ्यावरील माझे क्रोशाचे आच्छादन उचलले आणि उलटे करून मागची गाठ पाहिली. पोहे खाल्ले, बरे-वाईट काही बोलल्या नाहीत. अनुश्री दोघींच्या मध्ये बसून भाषांतर करत होती आणि तिच्या हातातला रुमाल दोरीसारखा पिळला गेला होता.

मी कपाट उघडले. थोडा आंबूस वास आला. मी मलमल सोडली.

वादक उगवला होता. कोटाच्या प्रत्येक टाक्यातून, काखेतून, गळ्याच्या फुग्याखालून बोटबोटभर पिवळे अंकुर बाहेर आले होते. पोट तर विचारूच नये. मिशांच्या बाजूने दोन पाती वर गेली होती आणि टोपी थोडी उचलली गेली होती, जणू गृहस्थ नमस्कार करत होते.

 मीनलने माझ्याकडे पाहिले नाही, ही तिची कृपा. रोसारिओबाईंनी अनुश्रीला काही विचारले.

"आजी," अनुश्रीचा आवाज चिरका झाला, "वो पूछ रही हैं, ये क्या है."

माझे बालपण रायपुरातल्याच तात्यापाऱ्यात गेले. शेजारच्या छत्तीसगढी मुली श्रावणात टोपलीत गहू पेरत आणि अंधाऱ्या खोलीत वाढवत. त्या पिवळ्या अंकुरांना भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी भोजली तळ्यात सोडून त्या थोडे अंकुर एकमेकींच्या कानामागे खोवत. मग त्या जन्माच्या बहिणी, एकमेकींना नावाने हाक मारायची नाही, "भोजली" म्हणायचे. एक मुलगी माझ्या कानामागे खोवायला आली होती. "आपल्यात नसतं," असे म्हणून आईने मला आत नेले.

मी वादकाच्या खांद्यावरून अंकुर खुडले, उठले आणि रोसारिओबाईंच्या कानामागे खोवले.

"त्यांना सांग," मी अनुश्रीला म्हणाले, "ही इकडची रीत आहे. आजच्याच दिवशी करतात. आता आम्ही बहिणी झालो."

अनुश्रीने सांगितले. बाईंनी वादक मांडीवर घेतला. मग त्यांनी त्याच्या पोटावरचे अंकुर खुडले आणि माझ्या कानामागे खोवले.  वडील बँडमध्ये जाण्यापूर्वी मक्याची शेती करत, असे त्या म्हणाल्या, आणि दरवर्षी म्हणत की एकदा तरी मनासारखे उगवेल.

अनुश्रीच्या हातून रुमाल सुटला. मी खुर्चीवर मागे टेकले. असे प्रसंग कसे सांभाळावेत, ते सुनेने पाहून घ्यावे, असा विचार माझ्या मनात आला असेल.

तेवढ्यात मीनल हळूच म्हणाली, "आई, तुम्ही बहिणी झाल्या, तर एमिलिओ अनुच्या बाबांचा मावसभाऊ झाला ना? म्हणजे अनुचा काका."

रोसारिओबाईंनी लगेच विचारले, ती काय म्हणाली? अनुश्रीला खोटे बोलता येत नाही. ते वळण मीच लावले आहे. तिने सांगितले. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग जे बोलल्या, ते अनुश्रीने जमिनीकडे पाहत सांगितले.

"कहती हैं, हमारे यहाँ भी माना हुआ रिश्ता सगे से बड़ा होता है. उससे खेलते नहीं. बहन हो गए, तो बच्चों की शादी कैसे होगी?"

त्या गंभीर होत्या. कानामागचे अंकुर काढायलाही तयार नव्हत्या. आणि माझ्या नातीच्या डोळ्यांत पाणी आले होते.

वर्तमानपत्र खाली झाले.

"भोजली गव्हाची असते," यशवंतराव म्हणाले. "ही धानाची आहे." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेले.

एवढेच. पुढचे माझ्यावर सोडले होते. पन्नास वर्षांहून अधिकच्या संसारात त्यांनी मला कधी अडवले नाही. फक्त दार उघडे करून बाजूला उभे राहतात. सगळे माझ्याकडे पाहत होते, मीनलसुद्धा. अनुश्रीचे लग्न मोडू द्यायचे, की या खोलीत, सुनेसमोर, ते वाक्य बोलायचे?

"अनुश्री," मी म्हणाले, "त्यांना सांग, ही रीत नव्हे. मी यांच्या वडिलांच्या पोटात बियाण्याचे धान भरले आणि मग त्यांना बादलीत बुडवले. मला दोघांनी सांगितले होते. मी ऐकले नाही."

अनुश्रीने सांगितले. 

"किती वेळ बुडवलं, विचारतात," ती म्हणाली. घाबरल्यामुळे ती चक्क मराठीत बोलली.

"तासभर."

बाईंचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडत आहेत. त्या हसत होत्या. वडील लहानपणी पाण्याला इतके भीत, की आंघोळीसाठी त्यांच्या आईला त्यांच्यामागे अंगणभर पळावे लागे, असे त्यांनी डोळे पुसत सांगितले. त्यांना पाण्यात बुडवू शकणारी बाई आपल्याला प्रथमच भेटली, असेही म्हणाल्या. मग त्यांनी कानामागचे अंकुर काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"बोलती हैं, ये वापस लो. पहले शादी. अगले सावन में गेहूँ बोना, तब बहन बनेंगे."

"तोवर?" मी विचारले.

"तोवर विहीण," मीनल म्हणाली आणि पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. "घ्या आई, गार होऊन राहिले."

लग्न माघात झाले. विमानात बी नेऊ देत नाहीत, म्हणून मी वादकाचे पोट उसवून धान काढले आणि कापूस भरला. तो आता तिकडे काचेच्या कपाटात आहे. वजन गेल्यामुळे टोपी डोळ्यांवर येऊन तो पुढे झुकला आहे. रात्रभर वाजवून घरी आल्यावर वडील असेच खुर्चीत झोपत, आता तो अगदी त्यांच्यासारखा दिसतो, असे विहीणबाई कळवतात.

माझे विणकाम झोपलेले मला चालत नाही. येऊन सरळ बसवीन, असे मी कळवले आहे. पासपोर्टसाठी छायाचित्र काढून झाले. मीनलने पिशवी भरताना विचारले, सोबत काय देऊ; मी तिला सांगितले, वाळू.