खरवडलेलं बेट

"काका, तुम्हाला समुद्र जास्त झालाय का?"

मैत्रिणींनी भोंगाला हेच विचारून दाखव म्हणून डिवचलं होतं. भोंगा म्हणजे तसबिरींच्या चौकटी बनवणाऱ्या दुकानातली मुलगी. ती बोलायला लागली की समोरचा न्हावी कात्री थांबवून इकडे बघतो, म्हणून हे नाव. हॉटेलवाल्या काकांनी माझी एक कड थोडी कापायला सांगितली, ते या पोरींनी ऐकलं होतं. आता सगळ्या दाराच्या काचेमागे तोंड दाबून उभ्या होत्या.

काका हसले नाहीत. माझ्या डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "एवढं काढलं की वडिलांच्या चौकटीत बसतो हा. इथं नुसतं पाणी आहे, आणि हा एक डाग."

मित्रांनो, ते बोट माझ्या अंगावर होतं. मी एक जुना सागरी नकाशा आहे. माझं अंग कागदाचं नाही, बकरीच्या कमावलेल्या कातड्याचं आहे. त्यामुळे गुदगुल्याही होतात आणि भीतीही वाटते.

माझा जन्म एका माळ्यावर झाला. एक कप्तान होता. तो अनोळखी समुद्रात जहाज घालायचा. खलाशी शिशाचा गोळा दोराला बांधून पाण्यात सोडत. गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली असे. तळाची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. दोर हातांनी मापत ओढायचा. दोन्ही हात पसरले की एक वाव. खलाशी ओरडायचा, "नऊ वाव, वाळू!" आणि कप्तान लिहून घ्यायचा. माझ्या अंगावर मुंग्यांसारखे दिसणारे आकडे आहेत ना, त्यातल्या प्रत्येक आकड्यासाठी कुणाच्या तरी हाताला फोड आला आहे.

कप्तान घरी आला की त्याची थोरली बहीण त्याच्या टिपणांवरून मला काढायची. सगळे तिला आक्का म्हणत. तिचा हात असा सफाईदार की शाईसुद्धा तिला घाबरायची. एकदा कप्तानानं लांबून पाहिलेलं एक बेट सांगितलं. आक्का खूश! तिनं हिरवी झाडं काढली, झरा काढला, आणि मला भिंतीवर टांगून शेजारणींना बोलावून दाखवलं. त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी मिरवलो नाही.

पुढच्या सफरीत कप्तान मुद्दाम तिकडे गेला. परत आला तो थेट माळ्यावर चढला.

"आक्का, ते बेट काढून टाक. तो ढग होता."

"ढग? अरे, सगळ्या गावाला दाखवलंय मी. लोक हसतील तुला."

"हसू देत. उद्या एखादं जहाज पाणी संपलं म्हणून त्या झऱ्याकडे वळलं तर? ते कुणाला हसतील?"

आक्का त्याच्यावर फार चिडली. पण तिनं पातं घेतलं आणि ती झाडं एकेक करून खरवडली. मला दुखलं. मग कप्तानानं स्वतः लेखणी मागितली आणि त्या जागेपाशी बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं.

त्यानंतर मी पुष्कळ जहाजं पाहिली. वादळात सुकाणूवाल्यांनी मला छातीशी धरलं. शांत समुद्रात माझ्यावरच पाव ठेवून खाल्ले. माझ्या भरवशावर माणसं घरी पोचत होती, म्हणून तेलाचे डागही मला दागिन्यांसारखे वाटत. मग माझ्यापेक्षा हुशार नकाशे आले. मी कपाटामागे गेलो. काही वर्षं तर एका बरणीचं झाकण झालो. जुन्या सामानाच्या ढिगातून काकांनी मला उचललं, तेव्हा वाटलं, चला, कुणाला तरी आपण हवे आहोत. पण त्यांना मी हवा होतो तो सोफ्याच्या वर, मापात.

भोंगाच्या बाबांनी पट्टी ठेवली, पातं उचललं. कड नीट दिसावी म्हणून आईनं दिवा तिरका धरला. तिरक्या उजेडात लपलेलं सगळं वर येतं. भोंगा एकदम वाकली.

"थांबा बाबा. हा डाग नाहीये. इथं झाडं होती. आणि काहीतरी लिहिलंय." तिनं नाक मला टेकेपर्यंत आणलं आणि हळू आवाजात वाचलं, "'इथे बेट नाही. मी जाऊन पाहिले. दोर संपला, तळ लागला नाही.'"

भोंगाला हळू बोलताना दारामागच्या मैत्रिणी पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या आत आल्या.

काकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "हे कापवत नाही बुवा," ते म्हणाले. "पण चौकट वडिलांची आहे. ती तरी कशी सोडू?"

"चौकट लांब करता येते," बाबा म्हणाले. "वरच्या आणि खालच्या पट्टीत मधे तुकडे सांधायचे. पण माझ्या अंगठ्याला टाके आहेत. पात्यानं सरळ कापणं जमतं, सांधा नाही जमणार. आणि तशी नक्षी आता मिळत नाही. जोड दिसणार."

"दुसऱ्या कुणाला देऊ?" काकांनी विचारलं. आईचा चेहरा उतरला. हे गिऱ्हाईक गेलं असतं, आणि दुसऱ्या दुकानात कुणी दिवा तिरका धरला असता की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला मापात बसवण्याआधी एकदा तिरक्या उजेडात बघा. एवढंच माझं मागणं आहे.

भोंगानं बाबांच्या हातातलं पातं काढून घेतलं आणि ते खणात ठेवलं. तिनं आजवर एकटीनं चौकटीचा एकही सांधा केलेला नव्हता. खोक्यांवर मात्र पुष्कळ केले होते, आणि त्यातले निम्मे वाकडे होते. तिनं करवत उचलली.

"आई, बाबा, चौकट मी करणार. आधी साध्या लाकडावर करते. तुम्ही दोघं हो म्हणालात की मगच काकांच्या चौकटीला करवत लावीन. आणि काका, जोड दिसणार, मी तो रंगानं लपवणार नाही. चालणार असेल तर बसा, नसेल तर आत्ताच सांगा."

काका स्टूल ओढून बसले.