मतांगीकाराची शिळा

धाकटीच्या हातात जादू आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त गिऱ्हाइकाला नव्हतं. कबरींवरचे दगड कोरून देणारं तिच्या बाबांचं ते दुकान. पुढच्या खोलीत टेबल, नमुन्याचे चार दगड आणि खुर्चीत ऐसपैस बसलेला दादा. मागच्या खोलीत धूळ, छिन्न्या आणि धाकटी. गिऱ्हाईक आलं की दादा मधलं दार ओढून घ्यायचा. कोणी "काम झकास झालंय हो" म्हणालं की बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि म्हणायचे, "पिढीजात हात आहे आमचा." हात नक्की कोणाचा, ते कोणी विचारत नसे आणि बाबा सांगत नसत. त्यांचे स्वतःचे हात सहा वर्षांपासून थरथरत होते. दादाला तर छिन्नी कधी वळलीच नाही. गोड बोलण्यात मात्र पठ्ठ्या पटाईत.

अशात चर्चच्या पाळकांनी मोठं काम दिलं. मतांगीकार, म्हणजे 'आम्ही हे मानतो' अशी ख्रिस्ती मंडळींची फार जुनी कबुली, अख्खीच्या अख्खी एका शिळेवर कोरायची आणि ती चर्चच्या भिंतीत बसवायची. शिळा चांगली पुरुषभर उंच. धाकटीने बाबांना लगेच गाठलं.

"बाबा, हे मी करते. पण पाळकांना सांगाल ना, मी केलं म्हणून?"

"सांगेन की."

"दादासमोर?"

"अगं, दादासमोर सांगेन, चारचौघांत सांगेन! झालं समाधान?"

झालं हो समाधान! चाळिशीला टेकलेली बाई, पण तेवढ्यावर हरखून गेली. त्या दिवशी घरी जेवताना ती दोनदा उगाचच हसली.

आखणी मात्र बाबांची. रेघा थरथरल्या तरी कोरताना सरळ करून घेता येतात, म्हणून ते काम त्यांनी कधी सोडलं नव्हतं. आता त्या दुकानाची एक रीत होती. कबरीच्या दगडावर घरच्या कर्त्याचं नाव सगळ्यात मोठं, त्याखाली मुलाचं जरा लहान, बाकीच्यांची त्याहून लहान. इतकी वर्षं हेच करत आलेल्या माणसाने शिळेवर दुसरं काय करावं? पिता चार बोटं उंच, पुत्र तीन बोटं, पवित्र आत्मा दोन. आणि ख्रिस्ती लोक ज्या तिघांना मिळून एकच देव मानतात त्यांची ही नावं त्या कबुलीत तर पावलोपावली येतात. बाबांनी एकूण एक ठिकाणी तसंच आखलं.

तिसऱ्या आठवड्यात धाकटी एका ओळीपाशी थांबली. या तिघांत कोणी आधीचा नाही, कोणी नंतरचा नाही. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. तिने फुंकर मारून धूळ उडवली आणि ओळ पुन्हा वाचली. मग वरच्या नावांवर बोटं ठेवून पाहिली. चार, तीन, दोन.

"बाबा, इथे म्हटलंय कोणी मोठा नाही, आणि आपण तर मापं..."

"बाप मोठा नाही तर कोण मोठा? चाळीस वर्षं आखतोय मी. तू मुकाट्याने कोर, अक्कल पाजळू नकोस."

चर्च दोन गल्ल्यांवर होतं. जाऊन पाळकांना एक शब्द विचारला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. गेली नाही. बाबा भडकले असते, दिलेला शब्द फिरवला असता. खरं सांगायचं तर त्या शब्दाची तिला हाव सुटली होती. म्हणून तिने जीभ आवरली आणि चार महिने मान मोडून कोरलं. इतकं सुरेख कोरलं की बाबासुद्धा एकदा "हं" म्हणाले.

मग पाळक आले, सोबत मंडळीतले दोन वडीलधारे. त्या दिवशी मधलं दार उघडं राहिलं. धाकटी धुतलेले कपडे घालून शिळेशेजारी उभी राहिली. पाळकांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "वा! काय धार आहे!" म्हणाले. मग सगळी शिळा नजरेत घ्यायला चार पावलं मागे गेले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"पुत्र पित्याहून कमी, असं फार पूर्वी काही जण शिकवू लागले. त्यावरून धर्मसभा भरल्या, भले भले हद्दपार झाले. तेच खोडून काढायला असल्या कबुल्या लिहिल्या गेल्या. पिता तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे, तरी देव एकच, आणि तिघांत तसूभर उणं-अधिक नाही. आणि तुम्ही उणं-अधिक बोटांनी मोजून कोरलंत! लोकांनी वाचायचं काय आणि बघायचं काय?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "कोणी केलं हे?"

दादा छताकडे बघू लागला. बाबांनी घसा खाकरला आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हिने. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं हिनेच कोरलंय. आम्ही दोघांनी छिन्नीसुद्धा लावलेली नाही."

घ्या! शब्द पाळला म्हाताऱ्याने. दादासमोर पाळला, चारचौघांत पाळला. जे ऐकायला तिने सहा वर्षं कान टवकारले होते ते अगदी तसंच्या तसं ऐकलं.

"पण आखणी..." ती कशीबशी म्हणाली.

"असू द्या बाई," पाळक मऊपणे म्हणाले, "चुका होतात माणसाकडून." आणि दादाकडे वळले. "नवा दगड मात्र तुम्ही स्वतः करा."

"अगदी! मी जातीने लक्ष घालतो," दादा म्हणाला. लाज कशाशी खातात हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

पाहुणे गेले. बाबा जसं काही घडलंच नाही अशा थाटात म्हणाले, "सोमवारी दगड येईल. छिन्न्यांना धार लावून ठेव."

"मी कशाला? दादाला सांगितलंय."

"चेष्टा करतेस का?" दादा हसला. "मला कुठे येतं ते?"

धाकटी हसली नाही. तिने हात धुतले, नखांतली धूळसुद्धा काढली. ते बघून बाबांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "अगं, असं तोंड काय पाडतेस? दुकानाच्या अब्रूसाठी काहीतरी बोलावं लागतं. मी काय, दादा काय, तू काय, आपण तिघं वेगळे आहोत का? एकच तर आहोत."

"एकच आहोत ना, बाबा? मग चूक निघाली तेव्हा मी एकटी कशी?"

बाबांनी दादाकडे पाहिलं, दादाने बाबांकडे. ती चपला घालून निघून गेली.

सोमवारी नवा दगड आला तेव्हा तो उतरवून घ्यायला दुकानात दोघंच होते.