आडसाली पुस्तकांची यादी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगतो, मला उसातलं कळतं, पुस्तकातलं नाही. आठ वर्षं मी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली. कुणाचा ऊस कधी लावला, तोडीला कधी आला, विचारायचा अवकाश, मी सांगायचो. मग १९९९ साली नवा संगणक आला आणि माझी रवानगी इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झाली.

तिथल्या ग्रंथपाल शबीनाताईंना एकच घोर होता. अध्यक्ष आबाजींनी बजावलं होतं, "कारखान्याचा पट्टा पडायच्या आत पन्नास पोरं सभासद करा. न्हायतर बालविभागाला कुलूप, आन् खोलीत खताची पोती." पट्टा पडणं म्हणजे उसाचा गळीत हंगाम संपणं.

ताईंनी पुस्तकांची यादी माझ्यात भरायला घेतली. माझे रकाने उसाचे. ते बदलणं ना त्यांना जमलं, ना मला. शेवटी त्यांनी पुस्तकंच रकान्यांत बसवली. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, म्हणून जाड पुस्तक आडसाली. सुरू ऊस वर्षभरात निघतो, म्हणून पातळ ते सुरू. तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, म्हणून परत वाचायला नेलेलं पुस्तक खोडव्यात. ही यादी फ्लॉपीवरून बारामतीला जायची. तिथं ताईंचा भाऊ अबरार आपल्या इंटरनेटच्या दुकानातून ती वाचनालयाच्या वेबसाइटवर चढवायचा. भेट देणारे महिनाभरात सात झाले. सहा वेळा अबरारच होता, सातवा चुकून आला.

सभासद एकतीस झाले आणि गाडी तिथंच अडली. एकदा ताईंनी मला जाड पुस्तकांची यादी छापायला सांगितली. माझी खोड कुठली जायला? आडसाली दिसलं की मी तोडचिठ्ठी, म्हणजे ऊस तोडायचा हुकूम, काढतो. बारा काढल्या. शिपाई झुंबर पूर्वी कारखान्यात चिठ्ठ्या वाटायचा. त्यानं त्या इमानानं ऊसतोड टोळीच्या गेणबा मुकादमाच्या हातात नेऊन दिल्या.

सकाळी दारात सगळी टोळी हजर. बैलगाड्या, कोयते, बायका, पोरं.

"बाई, उसाचा फड कुठं हाय?" गेणबानं विचारलं.

"हितं फड न्हाय, पुस्तकं हायत."

"चिठ्ठीवर लिवलंय, तोडीला तयार. गाडी मोकळी न्यायची न्हाय, आमची रीत हाय."

ताईंनी गाड्यांभोवतीची पोरं मोजली. मग म्हणाल्या, "मोकळी कशाला? पोरं आत पाठवा."

एकोणीस पोरं आत आली. टोळी राहायची त्या पाचटाच्या झोपड्यांचा पत्ता म्हणून ताईंनी "उसाचा तळ, कोपी" लिहिलं आणि आकडा पन्नासवर नेला. मला अगदी भरून आलं.

आबाजी मात्र कुरकुरले. "पट्टा पडला की ही बीडला जाणार. एक पुस्तक जरी बुडालं तरी कुलूप लावीन, सांगून ठेवतो."

पट्टा पडला. अठरा पुस्तकं आली. एकोणिसावं, चांगलं जाडजूड, गेणबाची लेक सुकन्या हिनं नेलेलं, आलंच नाही. महिनाभरानं आबाजी कुलूप घेऊन आले. ताईंचा चेहरा उतरला. मी पडद्यावर "तोड बाकी" दाखवत होतो, लाज वाटत होती तरी.

तेवढ्यात बारामतीहून अबरार एक कागद घेऊन आला. वेबसाइटला आठवी भेट झाली होती. अभिप्रायाच्या जागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: "मी सुकन्या. पुस्तक चुकून बिऱ्हाडात बांधलं गेलं. एकदा वाचलं, आता खोडवा चालू हाय. शाळेच्या गुरुजींनी पुस्तकावरच्या शिक्क्यात वेबसाइट बघितली, बीडला इंटरनेटच्या दुकानात आणून हे लिहून दिलं. दिवाळीनंतर टोळीबरोबर पुस्तक आणते."

आबाजींनी कागद दोनदा वाचला. त्यांची सगळी हयात उसात गेली होती.

"उभा खोडवा कुणी मोडतं व्हय?" असं म्हणून त्यांनी कुलूप खिशात टाकलं.

तेव्हा मित्रांनो, पुस्तक वेळेवर परत करा. वाचून झालं नसेल तर निदान कळवा. माझ्याकडे त्याला रकाना आहे.